शेरीफचं खातं आणि त्यातला कादंबरीकार

मुंबईकराला शेरीफ म्हटलं की वर्षभराचं मानाचं पद आठवतं. दिलीपकुमार, सुनील गावसकर यांनी ते भूषवलं. अमेरिकेतल्या काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, शेरीफ मात्र मतं मागून निवडून येतो, बहुतेक राज्यांत चार वर्षांसाठी. सहसा काउंटीचा तुरुंग त्याच्याकडे, कोर्टाची समन्स पोचवणं त्याच्याकडे आणि शहरांच्या हद्दीबाहेरची गस्तही त्याचीच. लॉस एंजेलिस काउंटीत हे खातं १८५० पासून आहे. शहराचं पगारी पोलीस दल १८६९ मध्ये आलं.

या खात्यात नोकरी करत कादंबरी लिहिणाऱ्याची अडचण या निवडणुकीपासूनच सुरू होते. डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा अंमलदार, काम करतो तो शेरीफच्या अधिकाराने. त्याने कादंबरीत लाचखाऊ जेलर रंगवला, तर मतदार तो आपल्याच तुरुंगातला समजतील ही धास्ती साहेबाला असणारच. शिवाय साहेब बदलला की खालची माणसंही बदलायची, हा जुना रिवाज. १९७० च्या डिसेंबरात शिकागोच्या कुक काउंटीत डेमोक्रॅट रिचर्ड एलरॉड शेरीफ झाले आणि रिपब्लिकन कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्यांवर गंडांतर आलं. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धोरण ठरवणाऱ्या पदावर नसलेल्या माणसाला केवळ पक्षावरून काढता येणार नाही.

बोलण्यालिहिण्याचा प्रश्न त्याआधीच, १९६८ मध्ये, एका शिक्षकाच्या खटल्यात आला होता. सरकारी नोकर सार्वजनिक विषयावर नागरिक म्हणून बोलतो तेव्हा त्याचा हक्क आणि कचेरीची शिस्त यांचं वजन करून पाहायचं, असं न्यायालयाने ठरवलं. आता कादंबरी हा ‘सार्वजनिक विषय’ धरायचा का? हा पेच पुन्हा कुक काउंटीतच उभा राहिला, फक्त खातं वेगळं होतं. तिथल्या एका साहाय्यक सरकारी वकिलाने सरकारी वकिलांवरच कादंबरी लिहिली, म्हणून आपल्याला काढलं असा दावा केला. खालच्या कोर्टाने तो फेटाळला, पण १९९४ मध्ये अपील कोर्टाने पुन्हा जिवंत केला. पुढच्याच वर्षी संघराज्याच्या नोकरांच्या लेखन-मानधनावरची बंदी रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने एकेकाळी कस्टम खात्यात नोकरी केलेले कादंबरीकार हॉथॉर्न आणि मेलव्हिल यांची आठवण काढली. निकालपत्रात असा साहित्याचा इतिहास क्वचितच वाचायला मिळतो.

या वाटेवरचं सर्वांत गाजलेलं नाव शेरीफच्या नव्हे, लॉस एंजेलिस शहराच्या पोलिसांतलं आहे: जोसेफ वॉम्बॉ. १९६० मध्ये भरती झालेल्या या माणसाने १९७१ मध्ये पहिली कादंबरी काढली. तिच्यातले पोलीस थकलेले, घाबरलेले, घरी भांडणारे होते. हस्तलिखित आधी मंजूर करून घेतलं नाही म्हणून वरिष्ठांनी ताकीद दिली. पुस्तक मात्र तडाखेबंद खपलं, आणि बेड्या घातलेले आरोपीही सही मागू लागले, असं ते सांगत. अशा डिटेक्टिव्हने चौकशी करायची तरी कशी? १९७४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

२००६ मध्ये चित्र आणखी चमत्कारिक झालं. लॉस एंजेलिस काउंटीच्याच एका सरकारी वकिलाने कामाचा भाग म्हणून वरिष्ठांना टिपण लिहिलं होतं. कर्तव्य म्हणून लिहिलेल्या मजकुराला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कवच नाही, असा निकाल ५ विरुद्ध ४ मतांनी लागला. थोडक्यात, खात्यातल्या गैरप्रकाराचा अधिकृत अहवाल देणाऱ्यापेक्षा त्याच मालावर घरी बसून कथा रचणारा कायद्याच्या दृष्टीने जरा बऱ्या जागी असू शकतो.

अर्थात, कोर्टातल्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ‘ती तर कथा होती’ एवढं म्हणून सुटका होत नाही. लॉस एंजेलिस पोलिसांतले डिटेक्टिव्ह मार्क फुरमन यांनी १९८५ पासून एका पटकथालेखिकेला पोलिसांविषयीच्या पटकथेसाठी ध्वनिमुद्रित मुलाखती दिल्या होत्या. १९९५ मध्ये फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात गेल्या दहा वर्षांत आपण काळ्या लोकांसाठीचा अपशब्द वापरलेला नाही, अशी त्यांनी शपथेवर साक्ष दिली. बचाव पक्षाने त्या मुलाखतींच्या टेप मिळवल्या, आणि त्यांत तोच शब्द ऐकू येत होता. १९९६ मध्ये खोट्या साक्षीच्या आरोपाला फुरमन यांनी विरोध केला नाही. शिक्षा झाली ती तीन वर्षांचं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं राहणं) आणि २०० डॉलर दंड.