ओळखणारी नजर आणि हात चालवणारी नजर

समोरची वस्तू दिसते, ओळखताही येते, पण ती घेण्यासाठी पुढे केलेला उजवा हात भलतीकडेच जातो, असा एक रुग्ण हंगेरीतील वैद्य रेझो बालिंट यांनी १९०९ मध्ये नोंदवला. त्याचा डावा हात मात्र नेमका पोहोचत असे, म्हणजे दोष डोळ्यांत नव्हता. मृत्यूनंतरच्या तपासणीत मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या पार्श्विका खंडांना (मेंदूचा वरचा, मागच्या बाजूचा भाग) इजा झाल्याचे आढळले. या नोंदीचे खरे मोल कळायला पुढे बरीच दशके जावी लागली.

१९८२ मध्ये लेस्ली अंगरलायडर आणि मॉर्टिमर मिश्किन यांनी माकडांवरील प्रयोगांवरून दृष्टीचे दोन मार्ग मांडले. मेंदूच्या मागील भागातून कानशिलाकडे जाणारा मार्ग वस्तू ‘काय’ आहे ते ठरवतो आणि वर पार्श्विका खंडाकडे जाणारा मार्ग ती ‘कुठे’ आहे ते सांगतो, अशी ही सुटसुटीत विभागणी होती. कदाचित जरा जास्तच सुटसुटीत.

तिला धक्का दिला तो एका स्त्री रुग्णाने. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेनंतर तिला वस्तूंचे आकार ओळखता येईनात. समोरची फट उभी आहे की तिरकी, हे तिला सांगता येत नसे किंवा हातातले कार्ड जागच्या जागी तसे वळवून दाखवताही येत नसे. पण ‘पत्र टाकतात तसे ते आत टाका’ असे म्हटले की हात पुढे जाताजाताच कार्ड योग्य कोनात वळे. मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर यांनी १९९१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी वरचा मार्ग ‘कुठे’ यापेक्षा ‘कसे’ याचे काम करतो, अशी मांडणी केली. बालिंट यांच्या रुग्णाची नेमकी उलट बाजू आता हाती आली होती.

वस्तूच्या आकारमानानुसार बोटे ती गाठण्याआधीच कमीअधिक उघडतात, हे मार्क जानरो यांनी १९८०च्या दशकात दाखवले होते. या स्त्रीची बोटेही तशीच उघडत. १९९५ मध्ये तर, दृष्टिभ्रमामुळे चकती लहान-मोठी भासली तरी सामान्य माणसाची पकड फारशी फसत नाही, असा दावा पुढे आला. त्यावर अनेकांनी आक्षेप घेतले आणि तो वाद मिटलेला नाही. दोन मार्ग परस्परांपासून पूर्ण तुटलेले नाहीत, हे मात्र बहुतेकांना मान्य आहे.

वस्तू दृष्टीआड करून २ सेकंदांनी ती उचलल्याचा नुसता अभिनय करायला सांगितल्यावर त्या स्त्रीच्या बोटांचा अंदाज साफ नाहीसा झाला. निरोगी माणसांना आठवणीवरून तो बऱ्यापैकी साधत होता.