कनू : सामाईक विद्युत चेसिस आणि तिच्यावरच्या नियोजित गाड्या

कनू ही अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील टॉरन्स येथे २०१७ मध्ये सुरू झालेली विद्युत वाहन कंपनी. एकच सपाट चेसिस, म्हणजे चाकांसकटचा खालचा सांगाडा, पक्की करायची आणि तिच्यावर गरजेप्रमाणे प्रवासी गाडी, माल पोचवणारी गाडी, पिकअप अशा वेगवेगळ्या बॉड्या चढवायच्या, ही तिची मूळ कल्पना. १७ जानेवारी २०२५ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा चेसिस तयार होती, तिच्यावरच्या गाड्या वर्षानुवर्षे जाहीर होत होत्या, पण सामान्य माणसाला पैसे मोजून घरी नेता येईल अशी एकही गाडी बाजारात नव्हती.

चेसिस वेगळी आणि बॉडी वेगळी, ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. एसटी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत कंपनीकडून आलेल्या चेसिसवर बसच्या बॉड्या बांधल्या गेल्या आहेत. केबिनही नसलेली उघडी चेसिस, फळीवर बसलेला आणि तोंडाला फडके गुंडाळलेला ड्रायव्हर, हे दृश्य महामार्गावर अनेकांनी पाहिले असेल. मात्र त्या चेसिसवर इंजिन, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्या जागा ठरलेल्या असतात. ड्रायव्हर कुठे बसणार हे चेसिसच ठरवते. बॉडी बांधणाऱ्याच्या हाती उरतो तो मागचा भाग. विद्युत गाडीत इंजिन जाते, मोटार चाकांच्या जवळ जाते, बॅटरी जमिनीलगत पसरते आणि वरचा भाग मोकळा होतो. जनरल मोटर्सने २००२ मध्ये ‘ऑटोनॉमी’ आणि ‘हाय-वायर’ या प्रायोगिक गाड्यांतून हेच दाखवले होते. त्यांची चेसिस फळीला चाके लावल्यासारखी दिसे, म्हणून अशा रचनेला ‘स्केटबोर्ड’ म्हणण्याचा प्रघात पडला. त्या दोन्ही गाड्या बॅटरीवर नव्हे, हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या इंधनघटावर (फ्युएल सेल) बेतलेल्या होत्या, हे सहसा विसरले जाते.

स्थापना

स्टेफन क्राउझ आणि उलरिख क्रान्झ हे कंपनीचे प्रमुख संस्थापक. दोघेही बीएमडब्ल्यूमध्ये मुरलेले. क्राउझ तेथे वित्तप्रमुख होते, तर क्रान्झ यांनी ‘आय’ या विद्युत गाड्यांच्या प्रकल्पाचे नेतृत्व केले होते. मधल्या काळात दोघेही फॅरेडे फ्यूचर या कॅलिफोर्नियातल्याच नव्या कंपनीत होते आणि तिथून बाहेर पडून त्यांनी हा संसार मांडला. सुरुवातीचे नाव ‘एव्हेलोझसिटी’. मार्च २०१९ मध्ये ते बदलून ‘कनू’ केले गेले. कनू म्हणजे वल्ह्याची छोटी होडी. गाड्यांचे बाह्यरूप रिचर्ड किम यांच्याकडे होते. बीएमडब्ल्यूच्या आय-३ आणि आय-८ या गाड्यांच्या रेखाटनात त्यांचा हात होता.

चेसिसची रचना

कनूचे खरे काम इथे आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवे. स्केटबोर्ड म्हणवणाऱ्या अनेक चेसिस प्रत्यक्षात पूर्ण सपाट नसतात. चाकांच्या वर सस्पेन्शनचे, म्हणजे रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेचे, उभे खांब येतात, समोर स्टिअरिंगचा दांडा तिरका वर येतो आणि बॉडीला या उंचवट्यांना वळसा घालावा लागतो. कनूच्या अभियंत्यांनी हे दोन्ही अडथळे काढले.

पहिला उपाय जुन्यातलाच होता. ट्रकच्या गॅरेजात ज्यांना पाटे म्हणतात, त्या कमानी स्प्रिंगा त्यांनी वापरल्या. पण पोलादाच्या नव्हे, काचतंतूच्या (फायबरग्लास), आणि गाडीच्या लांबीत नव्हे, रुंदीत आडव्या बसवलेल्या. त्यामुळे सस्पेन्शन चाकांच्या उंचीतच मावले आणि वर काहीही डोकावेनासे झाले.

दुसरा उपाय धाडसाचा. स्टिअरिंगचे चाक आणि गाडीची चाके यांच्यात कोणताही यांत्रिक सांधा ठेवला नाही. चालकाने चाक फिरवले की संदेश तारेतून जातो आणि खालची मोटार चाके वळवते. निस्सानच्या इन्फिनिटी क्यू-५० या गाडीत अशी सोय २०१३ मध्येच आली होती. पण तिथे तारेने दगा दिला तर जुना दांडा जोडला जाईल अशी तजवीज होती. कनूने ती न ठेवता यंत्रणाच दुहेरी केली. दांडा गेल्यामुळे चालकाची जागा पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हलवणे सोपे झाले. प्रवासी गाडीत तर पुढच्या काचेच्या खाली, चालकाच्या पायांसमोर, आणखी एक काच बसवता आली. तिच्यातून समोरचा रस्ता थेट दिसे.

बॅटरीसाठी स्वतंत्र पेटी करून ती चेसिसला टांगण्याऐवजी बॅटरीचे संच चेसिसच्या सांगाड्यातच बसवले होते. त्यामुळे वजन आणि जाडी दोन्ही वाचले. पहिल्या गाडीसाठी ८० किलोवॉट-तासांची बॅटरी, मागच्या बाजूला ३०० अश्वशक्तीची मोटार आणि एका चार्जिंगमध्ये २५० मैल, म्हणजे सुमारे ४०० किलोमीटर, असे आकडे कंपनीने दिले होते. पुढे दुसरी मोटार बसवून चारही चाकांना ताकद देण्याची सोय आराखड्यात होती. वर चढणाऱ्या बॉडीला उद्योगात ‘टोपी’ म्हणतात. खालचे सगळे एकदाच घडवायचे आणि टोप्या बदलत राहायचे, म्हणजे प्रत्येक नव्या गाडीचा खर्च आणि वेळ कमी, हे कंपनीचे गणित.

या गणितात एक मेख आहे. सामाईक चेसिसमुळे आराखड्याचा खर्च वाटला जातो, कारखान्याचा नाही. प्रत्येक टोपीला साचे वेगळे, जुळणी वेगळी, अपघात-चाचण्या वेगळ्या, सुट्या भागांचे पुरवठादारही बऱ्याच अंशी वेगळे. गाड्या हजारोंनी निघाल्या तरच चेसिसची बचत हाताला लागते. फोक्सवॅगनची ‘एमईबी’ ही रचना आयडी-३, आयडी-४ आणि आयडी-बझ अशा गाड्यांखाली चालली, ती मागे उभे कारखाने होते म्हणून. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई-६ आणि एक्सईव्ही-९ई या गाड्याही ‘इंग्लो’ नावाच्या एकाच चेसिसवर उभ्या आहेत. तिथेही कारखाना आणि विक्रेत्यांचे जाळे आधीपासून होते. कनूकडे या दोन्हींपैकी काही नव्हते.

जाहीर झालेल्या गाड्या

पहिली गाडी २४ सप्टेंबर २०१९ रोजी लोकांसमोर आली. पुढे तिला ‘लाइफस्टाइल व्हेइकल’ असे नाव मिळाले. बाहेरून पावाच्या लादीसारखी गोलसर; साडेचार मीटरपेक्षाही कमी लांबीत ७ माणसे बसतील अशी; आत कारच्या आसनांऐवजी दिवाणखान्यातल्या सोफ्यासारखी भिंतीलगतची बैठक. मोठा पडदा मुद्दामच दिला नव्हता, प्रवाशाने आपला फोन वापरावा अशी अपेक्षा. ती विकायचीही नव्हती. महिन्याला ठरावीक रक्कम भरायची, त्यात नोंदणी आणि देखभाल धरलेली, विमा आणि चार्जिंगची सोयही त्यातूनच. नको झाली की परत करायची. ही वर्गणीची कल्पना नंतर मागे पडली आणि २०२१ मध्ये मूळ आवृत्तीची किंमत ३४,७५० डॉलर जाहीर झाली.

डिसेंबर २०२० मध्ये माल पोचवणारी चौकोनी गाडी दाखवली गेली. तिचे दोन आकार होते, त्यांतल्या लहानात २३० घनफूट माल मावणार होता, आणि किंमत सुमारे ३३,००० डॉलरपासून. मार्च २०२१ मध्ये पिकअप आला. त्याच्या नाकाचे झाकण खाली पाडले की कामाचे मेज तयार होई, बाजूलाही तसेच घडीचे मेज, आणि मागचा हौदा ६ फुटांवरून ८ फुटांपर्यंत ओढता येई. दोन मोटारींच्या आवृत्तीत ६०० अश्वशक्तीपर्यंत ताकद सांगितली होती. सुतार, प्लंबर, वायरमन अशा माणसाच्या हातांचा इतका विचार केलेला पिकअप दुर्मीळच. तो बाजारात आला नाही. याखेरीज गुंतवणूकदारांसमोरच्या आराखड्यात २०२५ साठी एक ‘स्पोर्ट’ गाडीही होती. ती बाह्यरेषेपलीकडे गेली नाही.

प्रत्यक्षात रस्त्यावर आली ती पहिल्या गाडीचीच मालवाहू आवृत्ती. मागची बैठक काढून तिथे सामानाची जागा केलेली, नाव ‘एलडीव्ही’, म्हणजे ‘लाइफस्टाइल डिलिव्हरी व्हेइकल’. तिचे १३० आणि १९० असे दोन प्रकार होते.

पैसा, कारखाने आणि ऑर्डरी

फेब्रुवारी २०२० मध्ये ह्युंदाईने कनूच्या चेसिसवर आधारित रचना मिळून विकसित करण्याचा करार केला आणि कंपनीचे वजन वाढले. इतरांना अभियांत्रिकी सेवा विकून उत्पन्न मिळवायचे, हा तेव्हाच्या योजनेचा मोठा भाग होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेनेसी कॅपिटल या समूहाच्या एका नुसत्या कागदी, पण शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत विलीन व्हायचे ठरले. कनूचे मूल्य २४० कोटी डॉलर धरले गेले, सुमारे ६० कोटी डॉलर हाती आले आणि डिसेंबरमध्ये समभाग नॅसडॅकवर आला. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत अमेरिकेतल्या अनेक विद्युत वाहन कंपन्या याच दाराने बाजारात शिरल्या. नेहमीच्या समभाग विक्रीत जे भविष्याचे अंदाज छापताना हात आखडतो, ते इथे सैल हाताने छापता येत.

या विलीनीकरणाबरोबर टोनी अक्विला अध्यक्ष म्हणून आले. मार्च २०२१ मध्ये त्यांनी अभियांत्रिकी सेवांचा धंदा बाजूला ठेवत असल्याचे सांगितले. ह्युंदाईबरोबरचे कामही संपले. क्रान्झ लवकरच बाहेर पडले आणि ॲपलमध्ये गेले. क्राउझ आधीच गेले होते. सेवांच्या उत्पन्नाचे जे अंदाज गुंतवणूकदारांना दाखवले होते, त्यांवरून अमेरिकेच्या रोखे आयोगाने कारवाई केली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने १५ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

कारखान्याची कहाणी तर फिरतीचीच. आधी इतरांसाठी गाड्या बनवून देणाऱ्या नेदरलँड्समधल्या व्हीडीएल नेडकार या कंपनीकडून गाड्या करून घ्यायच्या होत्या. तो करार डिसेंबर २०२१ मध्ये मोडला. ओक्लाहोमातल्या प्रायर येथे ‘मेगा मायक्रो फॅक्टरी’ जाहीर झाली होती, म्हणजे एकाच वेळी महा आणि सूक्ष्म. तिथे गाड्यांचा कारखाना उभा राहिला नाही. मुख्यालय आर्कान्सामधल्या बेंटनव्हिलला, वॉलमार्टच्या गावी, न्यायचे ठरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ओक्लाहोमा सिटीतला एक तयार कारखाना विकत घेण्याची घोषणा झाली. मार्च २०२४ मध्ये तर ब्रिटनमधल्या ‘अरायव्हल’ या बुडालेल्या विद्युत वाहन कंपनीची यंत्रे कनूने घेतली. त्याआधीच, मे २०२२ मध्ये, आपला कारभार पुढे चालेल की नाही याबद्दल मोठी शंका असल्याचे कंपनीने स्वतःच जाहीर केले होते.

ऑर्डरी मात्र भारदस्त होत्या. जुलै २०२२ मध्ये वॉलमार्टने ४,५०० गाड्या घेण्याचे कबूल केले, १०,००० पर्यंत वाढवण्याची मुभा ठेवून. शिवाय कनूने ॲमेझॉनला गाड्या विकू नयेत अशी अट घातली. डिसेंबर २०२२ मध्ये पिकअपवर बेतलेली एक गाडी लष्कराला परीक्षणासाठी दिली गेली. अमेरिकेच्या टपाल खात्याने उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या ६ गाड्या घेतल्या. तिकडे गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते आणि टपालवाल्याला पेटी हाताशी हवी असते. दांडा नसलेल्या चेसिसचा फायदा इथे खरोखर दिसला. सर्वांत गाजली ती नासाची खरेदी. ‘आर्टेमिस’ या चंद्रमोहिमेच्या अंतराळवीरांना केनेडी अंतराळ केंद्रातील प्रक्षेपण मंचापर्यंत नेण्यासाठी ३ गाड्या, करार जेमतेम १ लाख ४८ हजार डॉलरचा. जुलै २०२३ मध्ये त्या पोचल्या.

२०२३ या पूर्ण वर्षात कनूने २२ गाड्या ग्राहकांच्या ताब्यात दिल्या. महसूल ८ लाख ८६ हजार डॉलर. त्याच वर्षी अक्विला यांच्या खासगी विमानापोटी कंपनीने सुमारे १७ लाख डॉलर मोजल्याचे वार्षिक अहवालात आले, आणि चेसिसपेक्षा त्या ओळीचीच चर्चा जास्त झाली. समभागाचा भाव इतका घसरला की यादीतून नाव जाऊ नये म्हणून २०२४ मध्ये दोनदा समभाग एकत्र करावे लागले, आधी २३ चा एक, मग २० चा एक. डिसेंबरमध्ये ओक्लाहोमातले काम थांबले आणि उरलेल्या कामगारांना बिनपगारी घरी बसवले गेले.

दिवाळखोरीनंतर

डेलावेअरमधला जानेवारी २०२५ चा अर्ज पुन्हा उभे राहण्यासाठीचा नव्हता; मालमत्ता विकून देणी भागवण्याचा होता. एप्रिलमध्ये न्यायालयाने मालमत्तेची विक्री मंजूर केली. घेणारी कंपनी अक्विला यांच्याशीच संबंधित होती आणि रोख किंमत सुमारे ४० लाख डॉलर. नासाच्या गाड्यांना दुरुस्ती आणि सुटे भाग पुरवणारे कोणी न उरल्याने नासाने अंतराळवीरांसाठी दुसऱ्या वाहनाची सोय केली.

या विक्रीला हरकत घेणाऱ्यांत ‘हार्बिंजर मोटर्स’ ही कंपनी होती. ती २०२१ मध्ये सुरू झाली. तिच्या संस्थापकांत कनूच्या पहिल्या फळीतले फिलिप वायकर आहेत, आणि व्यापारी गुपिते चोरल्याच्या आरोपावरून कनूने तिच्यावर खटलाही भरला होता. हार्बिंजर कॅलिफोर्नियात मध्यम वजनाच्या ट्रकांसाठी विद्युत चेसिस बनवते. बॉडी बांधणाऱ्यांकडे ती चेसिस उघडीच धाडली जाते.