पॉइंटचे माइल्स करताना अर्ज कुठे अडतो: पात्रता, नावं आणि तारखा

दर दिवाळीनंतर आणि उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर मला ओळखीतल्या कोणाचा तरी तोच फोन येतो. क्रेडिट कार्डावर लाखभर पॉइंट साठलेत, लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जायचंय, पण त्यांचे माइल्स, म्हणजे विमान कंपनीचं तिकीट काढायला चालणारे तिचे गुण, करण्याची विनंती पुन्हा पुन्हा परत येते. कारण विचारलं तर स्क्रीनवर ‘तपशील जुळत नाहीत’ एवढंच. कोणता तपशील, कुठे जुळत नाही, हे कोणी सांगत नाही. साठीच्या माणसाला चार वेळा फोनवर ताटकळत ठेवून शेवटी ‘नेटबँकिंगवर पाहा’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. म्हणून अर्ज जिथे खरोखर अडतात तेवढंच इथे सविस्तर लिहिते.

बाकीचं काम पाच मिनिटांचं आहे. ज्या विमान कंपनीचे माइल्स हवेत तिच्या सदस्य योजनेत फुकट खातं उघडायचं, बँकेच्या रिवॉर्ड पोर्टलवर (पॉइंट हॉटेलच्या योजनेतले असतील तर हॉटेलच्या ॲपमध्ये) तो सदस्य क्रमांक जोडायचा, पॉइंटचा आकडा भरायचा, ओटीपी टाकायचा. शुल्क बँकेप्रमाणे वेगळं. ॲक्सिस बँकेने २० डिसेंबर २०२४ पासून दर वेळी १९९ रुपये आणि त्यावर जीएसटी असं लावलं. म्हणजे थोडे थोडे पॉइंट चार वेळा पाठवले तर चारदा भुर्दंड.

एक गोष्ट मात्र बटण दाबण्याआधी पक्की माहीत हवी. गेलेले पॉइंट परत येत नाहीत. माइल्स झाले की ते विमान कंपनीचे, बँकेचा त्यांच्याशी संबंध संपला. म्हणून आधी सीट शोधायची, मग नावं तपासायची आणि पॉइंट सगळ्यात शेवटी हलवायचे. माझ्याकडे येणारे बहुतेकजण नेमकं उलट करून आलेले असतात.

आधी सीट

माइल्सवर मिळणाऱ्या सीट प्रत्येक विमानात मोजक्याच असतात. साध्या तिकिटाची सीट दिसते म्हणजे माइल्सची मिळेलच असं नाही. विमान कंपनीच्या साइटवर लॉगिन करून ‘माइल्सने बुकिंग’ निवडा आणि जायची तारीख, यायची तारीख, माणसं किती, हे सगळं घालून पाहा. दोघांना जायचं असेल तर दोघांचंच शोधा. एकाची सीट दिसली म्हणून दुसऱ्याची असेल हे धरून चालू नका.

तिकीट अगदी फुकटही नसतं. कर भरावेच लागतात, आणि काही कंपन्या इंधन अधिभार म्हणून मोठी रक्कम वर लावतात. सिंगापूर एअरलाइन्सने स्वतःच्या विमानांवरच्या अशा तिकिटांवरचा तो अधिभार २०१७ मध्ये काढून टाकला. ब्रिटिश एअरवेजच्या लांबच्या प्रवासात तो अजूनही जाणवण्याइतका असतो. पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊन आकडा पाहा आणि तेव्हाच ठरवा.

आणखी एक. माइल्स ज्या कंपनीचे, तिच्याच विमानाने जावं लागतं असं नाही. स्टार अलायन्स हा एकमेकांचे माइल्स चालवून घेणाऱ्या विमान कंपन्यांचा गट; एअर इंडिया जुलै २०१४ पासून त्यात आहे, सिंगापूर आणि लुफ्थान्साही आहेत, त्यामुळे सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर माइल्स वापरून एअर इंडियाचं किंवा लुफ्थान्साचं तिकीटही काढता येतं. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक ‘आपल्या गावाहून त्यांचं विमानच नाही’ म्हणून विषय सोडून देतात.

पात्रता: पॉइंट कोणाचे, माइल्स कोणाचे

पॉइंट मुख्य कार्डधारकाचे असतात. पत्नीकडे किंवा मुलाकडे ॲड-ऑन, म्हणजे त्याच खात्यावरचं जादा कार्ड असेल आणि सगळी खरेदी त्याच कार्डावर झाली असेल, तरी पॉइंट मुख्य कार्डधारकाच्याच खात्यात जमा होतात आणि माइल्सही त्याच्याच नावच्या खात्यात जातात. पतीच्या कार्डावरचे पॉइंट पत्नीच्या विमान-खात्यात पाठवायला गेलात की नकार ठरलेला. यावर रडारड करायची गरज नाही. माइल्स पतीच्या खात्यात घ्या आणि त्या खात्यातून पत्नीचं तिकीट काढा. बहुतेक योजना घरच्यांसाठी तिकीट काढू देतात; क्रिसफ्लायरमध्ये त्यांची नावं आधी नॉमिनी म्हणून नोंदवावी लागतात. ही नोंदणी आयत्या वेळी करू नका, सीट दिसायच्या आधीच करून ठेवा.

कार्ड चालू हवं आणि बिल थकलेलं नको. पॉइंटऐवजी थेट पैसे परत देणाऱ्या कॅशबॅक कार्डांवर मुळात ही सोयच नसते, तेव्हा आधी आपलं कार्ड कोणत्या प्रकारचं आहे ते पाहा. कार्ड बंद करायचा विचार असेल तर पॉइंट आधी हलवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे थकबाकी नसेल तर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड. ग्राहकाच्या सोयीचा हा नियम इथे मात्र उलटतो: विनंती गेली, कार्ड पटकन बंद झालं आणि त्याबरोबर पॉइंटही गेले, असं घडलेलं मी पाहिलंय.

नाव: सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात

आपल्याकडे नाव तीन पदरी. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टवर रकाने दोनच, नाव आणि आडनाव. त्यामुळे ‘सुनंदा विठ्ठल कदम’ या बाईंचं नाव पासपोर्टवर ‘सुनंदा विठ्ठल’ आणि ‘कदम’ असं, बँकेच्या केवायसीत सलग, आणि कार्डावर जागा पुरली नाही म्हणून ‘एस व्ही कदम’. विमान-खातं मुलाने अमेरिकेतून घाईत उघडलेलं असतं, त्यात ‘सुनंदा कदम’. चार ठिकाणी चार रूपं. माणसाला कळतं की बाई एकच आहे, संगणकाला कळत नाही.

नियम सोपा ठेवा. विमान-खातं पासपोर्टप्रमाणेच उघडा, कारण शेवटी विमानतळावर पासपोर्टच पाहतात. बँकेतलं पहिलं नाव आणि आडनाव त्याच्याशी जुळलं तर मधल्या नावाने सहसा अडत नाही. पहिल्या नावाचं नुसतं आद्याक्षर असेल, किंवा आडनाव आधी आणि नाव नंतर असेल, तर मात्र परत येतं. अशा वेळी विमान-खातं बँकेप्रमाणे वाकवू नका; बँकेतलं नाव पासपोर्ट दाखवून दुरुस्त करून घ्या. जन्मतारीखही तिथेच बघून घ्या. शाळेच्या दाखल्यावर १ जून आणि खरी वेगळी, ही आपल्या आधीच्या पिढीची घरोघरची गोष्ट आहे.

काही पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असतो आणि सगळं नाव एकाच रकान्यात असतं. ही जोखीम अंगावर घेऊ नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या प्रवाशांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा किती जणांची धावपळ झाली ते आठवून पाहा. आडनावाचा रकाना भरून घेण्यासाठी पासपोर्ट पुन्हा काढायला लागला तरी चालेल, पण माइल्स पाठवायच्या आधी काढा.

आता सगळ्यात अवघड प्रकार. लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं नाव. माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि म्हणून पासपोर्टवर. सासरचं नाव रेशनकार्डावर, बँकेत आणि सगळ्यांच्या तोंडात. नुसतं आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राने भागतं. पहिलंही नाव बदललं असेल, तर दोन्ही नावांची बाई एकच आहे हे सांगणारा कागद लागतो, आणि तो जवळजवळ कोणाकडेच नसतो. पत्रिका, फोटो, सोसायटीचं पत्र यातलं काही चालत नाही.

तो कागद म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून आलेली नावबदलाची नोंद. अर्ज ऑनलाइन होतो. छापून यायला वेळ लागतो, म्हणून प्रवास ठरायची वाट न पाहता करून ठेवा. पुढे पेन्शन, वारसा, घराचे कागद, सगळीकडे तो लागणारच आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंदच नसेल तर महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली ती उशिरानेही करता येते. माझ्या नात्यातल्या एका बाईंना एका बँकेच्या शाखेत ‘प्रतिज्ञापत्र आणा’ म्हटलं, ते आणल्यावर ‘हे चालत नाही’ म्हटलं, आणि राजपत्राचं नाव तिसऱ्या खेपेला निघालं. तीन खेपा, दोन रिक्षा, गुडघ्याचं दुखणं. पहिल्याच दिवशी एक वाक्य सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

ओळीत ठेवायचे कागद एवढेच: पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं, पॅन, आधार, लागू असेल तर विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्राची प्रत, आणि विमान-खात्याच्या नाव-क्रमांकाच्या पानाचा स्क्रीनशॉट. तक्रार करायची वेळ आली तर हा स्क्रीनशॉट फार उपयोगी पडतो.

सदस्य क्रमांक जोडताना अंक दोनदा वाचा. एकदा जोडलेला क्रमांक बदलायला काही बँका फार त्रास देतात. आणि जुना क्लब विस्ताराचा क्रमांक जोडलेला असेल तर तो आता कामाचा नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि ती योजनाही तिच्याबरोबर गेली.

हॉटेलचे पॉइंट: आधी गुणाकार करा

हॉटेलच्या पॉइंटमध्ये अर्ज नाकारला जाण्यापेक्षा तोट्यात मंजूर होण्याची भीती जास्त. हिल्टनमध्ये बहुतेक कंपन्यांसाठी १०,००० पॉइंटचे १,००० माइल्स होतात. मी तरी कोणाला हे करायला सांगत नाही. त्या पॉइंटवर राहूनच घ्यावं. आयएचजीमध्ये १०,००० चे २,०००, तेही तसंच.

मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय योजनेचं गणित बरं आहे, पण नीट केलं तरच. बहुतेक कंपन्यांसाठी ३ पॉइंटला १ माइल, आणि एका वेळी पाठवलेल्या दर ६०,००० पॉइंटवर ५,००० माइल्स जास्तीचे. म्हणजे ६०,००० चे २५,०००. समजा तुम्हाला ४०,००० माइल्स हवेत. एका वेळी १,०५,००० पॉइंट पाठवले तर ३५,००० अधिक ५,००० मिळून बरोबर ४०,००० होतात. तेच पॉइंट ३६,०००, ३६,००० आणि ३३,००० असे तीन हप्त्यांत पाठवले तर ३५,०००च. ‘आधी थोडे पाठवून बघू, पोहोचले तर बाकीचे’ हा आपला सावध स्वभाव इथे ५,००० माइल्सना पडतो. अमेरिकन एअरलाइन्स आणि डेल्टासारख्या काही कंपन्यांना हा बोनस लागू नाही, तेव्हा यादी वाचा. इथेही दोन्ही खात्यांवरचं नाव एकच लागतं.

तारखा चुकीच्या वाचल्या जातात

पॉइंटची मुदत ३१ तारखेला संपते म्हणून ३० च्या रात्री विनंती टाकणारे दरवर्षी भेटतात. विनंती त्याच क्षणी पोहोचते असं नाही. काही कंपन्यांकडे माइल्स तासाभरात दिसतात, काहींकडे आठवडा लागतो, आणि बँक मोजते ते कामकाजाचे दिवस. मधे नावामुळे विनंती परत आली, तर पॉइंट खात्यात परतेपर्यंत मुदत टळलेली असते. निदान महिनाभर आधी करा.

दर बदलायची नोटीस आली तरी हेच. ॲक्सिसच्या मॅग्नस कार्डावर १ सप्टेंबर २०२३ पासून ५ पॉइंटला ४ माइल्सऐवजी २ मिळू लागले. लाख पॉइंटचे ८०,००० होत होते ते ४०,००० झाले. अशा नोटिसा ईमेलने येतात आणि आपण त्या जाहिरात समजून पुसतो. बँकेच्या ईमेलमधलं ‘रिवॉर्ड’ एवढं तरी वाचत जा.

दुसरी गैरसमजूत अशी की माइल्स केले म्हणजे कायमचे वाचले. क्रिसफ्लायरचे माइल्स ३ वर्षांत संपतात, मग खातं कितीही वापरात असो. ब्रिटिश एअरवेजच्या माइल्सचं, म्हणजे एव्हिऑसचं वेगळं: ३६ महिन्यांत खात्यात एकदा तरी काही जमा किंवा खर्च झालं की मुदत पुढे जाते. जास्त वर्षं साठवायचे असतील तर पॉइंट बँकेतच बरे, तिथून पुढे कुठेही जाता येतं. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली, तेव्हा वर्षानुवर्षं जेटच्याच सीटसाठी माइल्स साठवलेल्या माणसांची झालेली निराशा मी जवळून पाहिली आहे.

अडलंच तर

बँकेला लेखी कळवा, तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माइल्स विमान कंपनीकडे पोहोचून तिथे अडले असतील तर लोकपाल काही करू शकत नाही, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पॉइंट कोणत्या टोकाला अडलेत हे आधी शोधा: बँकेतून वजा झाले का, आणि विमान-खात्यात नोंद दिसते का, या दोन प्रश्नांत उत्तर मिळतं.

आणि हे सगळं भारतात असतानाच उरका. लेकीकडे पोहोचल्यावर परतीचं तिकीट बदलायला माइल्स हवेत असं लक्षात येतं, तेव्हा ओटीपी घरी कपाटात ठेवलेल्या सिमवर येत असतो. ते सिम बरोबर न्या, निघण्याआधी रोमिंग चालू करून घ्या, आणि विमान-खात्याचा ईमेल मुलाचा नाही तर तुमचा स्वतःचा आहे ना, ते एकदा उघडून पाहा.