कान ऐकतो, तसा बोलतोही

कानाच्या नळीत इवलासा स्पीकर आणि तेवढाच मायक्रोफोन बसवायचा, एक बारीक ‘टिक्’ सोडायचा आणि वाट पाहायची. काही मिलिसेकंदांत कानाच्या आतून अगदी क्षीण आवाज बाहेर येतो. डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1978 मध्ये हे दाखवून दिलं. कान म्हणजे नुसता आवाज टिपणारा अवयव नाही, तो आतून सतत काम करत असतो, याचा हा पुरावा होता.

ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्याची जाडी मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतकी. त्याची थरथर हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांमार्फत आत जाते. रिकीब हे शरीरातलं सर्वांत लहान हाड. ही हाडं हवीतच कशाला? कारण पुढे अंतर्कर्णात द्रव आहे, आणि हवेतला आवाज थेट द्रवावर पडला तर त्याची जवळजवळ 99.9 टक्के ऊर्जा परत फिरते. मोठ्या पडद्यावरचा जोर रिकिबीच्या छोट्याशा तळव्यावर एकवटतो, तरफेचाही थोडा हातभार लागतो आणि दाब वीसेक पटींनी वाढतो.

खरी करामत आहे ती कर्णावर्तात. गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची ही नळी उलगडली तर साधारण 35 मिलिमीटर भरेल. तिच्यातला लांबट पडदा रिकिबीजवळ अरुंद आणि ताठ, टोकाकडे रुंद आणि सैल असतो. त्यामुळे उंच स्वर सुरुवातीला आणि खर्जाचे स्वर टोकापाशी जास्त थरथर निर्माण करतात. ही धावती लहर गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी पाहिली आणि 1961 चं नोबेल त्यांना मिळालं. पण त्यांचे प्रयोग मृतांच्या कानांवर झाले होते. तिथे लहर पसरट दिसली. जिवंत माणूस मात्र अगदी जवळजवळचे दोन स्वर सहज वेगळे ओळखतो.

हा फरक पाडतात बाहेरच्या केशपेशी, म्हणजे त्या लांबट पडद्यावरच्या, केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी. एका कानात त्या साधारण 12,000 असतात. थरथर पोचली की या पेशी चक्क लांब-आखूड होतात, सेकंदाला हजारो वेळा, आणि नेमक्या त्या जागची हालचाल वाढवतात. मेंदूकडे खबर पाठवण्याचं काम मुख्यतः आतल्या सुमारे 3,500 केशपेशींचं. बाहेरच्या पेशींच्या या धडपडीतली थोडी ऊर्जा उलट्या वाटेने कानाच्या पडद्यापर्यंत येते. केम्प यांनी टिपला तो हाच आवाज. आज झोपलेल्या तान्ह्या बाळाची श्रवणतपासणी याच आवाजावरून करता येते. मला ही तपासणी फार सुंदर वाटते, कारण बाळाला काहीच सांगावं लागत नाही.

मोठा आवाज, वाढतं वय, जेंटामायसिनसारखी काही औषधं यांचा पहिला घाव बहुधा या बाहेरच्या पेशींवरच पडतो, आणि तोही उंच स्वरांच्या बाजूकडून. म्हणून ‘स’, ‘श’, ‘फ’ आधी निसटतात. अशा माणसाला आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. त्याच्यापुढे ओरडून उपयोग नसतो. समोर बसून, सावकाश बोललं तर बरंच कळतं. पक्ष्यांच्या कानात मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात. माणसाच्या कर्णावर्तात त्या पुन्हा उगवत नाहीत.