सिनेमातला ॲनिमेशनचा तुकडा आणि मराठवाड्यातले छोटे स्टुडिओ

पूर्ण लांबीचा सिनेमा कॅमेऱ्यानं शूट केलेला असतो पण मधेच दोन-तीन मिनिटं चित्रं हलायला लागतात, आजीनं सांगितलेली गोष्ट असते, लेकराचं स्वप्न असतं, नाहीतर जुना इतिहास असतो जो खरा शूट करायचा म्हणलं तर हत्ती-घोडे अन् शेकडो माणसं लागली असती. हा तुकडा बहुतेक वेळा बाहेरच्या एखाद्या छोट्या स्टुडिओकडं जातो. टायटल, गाण्यातला एखादा भाग, नकाशावरून सरकणारी फौज हे पण यातच धरतात. शूटिंगमधल्या आधाराच्या तारा चित्रातून पुसणं, रोटो काढणं (फ्रेमगणिक माणसाची कड आखून त्याला मागच्या दृश्यापासून वेगळं करणं) ही कामंही अशाच स्टुडिओंकडं येतात आणि त्यावर बऱ्याच जणांचं घर चालतं, पण इथली नोंद स्वतः चित्र काढून गोष्टीत भर घालणाऱ्या कामाची आहे.

आपल्याकडं हे नवीन नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधीच कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून पडद्यावर रोप उगवून दाखवलं होतं. पुढं ॲनिमेटर राम मोहन यांनी 'भुवन शोम' (1969) आणि सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी' (1977) या सिनेमांसाठी ॲनिमेशन केलं. दुसऱ्यात कंपनी सरकारनं एकेक संस्थान कसं घशात घातलं ते चित्रांतून येतं, एवढा इतिहास संवादातून सांगायला किती वेळ गेला असता विचार करा! मराठवाड्यापुरतं बोलायचं तर पैठण शैलीची चित्रकथी चित्रं आहेतच, सुटी चित्रं एकामागून एक दाखवत रामायण-महाभारत सांगायचं. त्यातले चेहरे एका बाजूनं काढलेले, डोळे मोठाले, हातपाय सपाट, त्यामुळं सांध्यावर कापून कटआऊट ॲनिमेशन (कापलेले तुकडे हलवून केलेलं) करायला ही शैली फार सोयीची पडते. माझ्या मते आपल्या भागातल्या पोरांनी बाहेरची शैली गिरवण्याआधी हे एकदा करून बघायलाच पाहिजे.

कामाचं गणित सोपं आहे पण पहिल्यांदा ऐकणारा गप्पच होतो. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमनं (एक फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र) चालतो, म्हणजे तीन मिनिटांच्या तुकड्यात 4320 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी 2160 चित्रं. एका माणसानं दिवसाला दहा पक्की चित्रं काढली असं धरलं तर 216 दिवस, तिघं बसले तर 72, आणि यात स्टोरीबोर्ड (शॉटवार कच्ची चित्रं), ॲनिमॅटिक (तीच चित्रं वेळेप्रमाणं लावून केलेला कच्चा व्हिडिओ), रंग, कंपोझिटिंग (सगळे थर एकत्र बसवणं) धरलेलंच नाही. म्हणून ॲनिमॅटिक पास झाल्याशिवाय की-ड्रॉइंगला, म्हणजे हालचालीतल्या मुख्य चित्रांना, हात लावू नये, नंतर दिग्दर्शकानं शॉट छाटला तर पंधरा दिवसांची मेहनत जाते.

छोटा स्टुडिओ सिनेमाला देतो काय, तर नजर, आणि हे बैलावरून चांगलं कळतं. शहरात बसलेला माणूस गावाचा सीन म्हणलं की लांब शिंगांचा पांढराशुभ्र खिल्लार काढतो, पण खिल्लार सोलापूर-सांगलीकडचा. गोष्ट लातूर-उदगीरची असेल तर देवणी पाहिजे, अंगावर काळे-पांढरे ठिपके नाहीतर देवणीतल्याच वानेरा प्रकारासारखं पांढरं अंग अन् तोंड काळसर, कान खाली पडलेले. नांदेडकडची असेल तर गडद तांबडा लाल कंधारी. हे इथल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. आणि चाल! बैल आधी मागचा डावा पाय टाकतो, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा, आणि मान प्रत्येक पावलाला खालीवर होते. वशिंड अन् गळ्याखालची पोळी अंगाबरोबर हलत नाहीत, दोन-तीन फ्रेम मागून येतात, बैल थांबला तरी पोळी एक झोका घेऊनच थांबते. हा झोका काढला नाही तर बैल पुठ्ठ्याचा वाटतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो, तिथं मोबाईलवर स्लो मोशनमध्ये अर्धा दिवस शूट केलं की वर्षभर पुरेल एवढा रेफरन्स मिळतो.

सॉफ्टवेअरचा खर्च आता अडचण राहिलेला नाही. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि 2025 चं ॲनिमेशनपटाचं ऑस्कर घेतलेला लाटवियाचा 'फ्लो' ब्लेंडरमध्येच केलेला आहे. खरी अडचण लाईटची अन् उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, मशीन तापतं, रेंडर (कॉम्प्युटरनं पक्क्या फ्रेम तयार करणं) रात्री लावावा लागतो आणि पहाटे लाईट जाते. म्हणून अनुभवी लोक थेट व्हिडिओ फाईल काढतच नाहीत, एकेक फ्रेमची वेगळी इमेज काढतात, लाईट गेली तरी तोवरच्या फ्रेम शाबूत राहतात आणि पुढच्या नंबरपासून परत सुरू करता येतं. पुढं मोठी फाईल नेटवर चढेना झाली की कुणीतरी हार्डडिस्क घेऊन रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई गाठतं.

सगळ्यात घातक चूक फ्रेम रेटची, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याची. टीव्हीच्या सवयीनं 25 वर केलेला तीन मिनिटांचा तुकडा 4500 फ्रेमचा होतो, तो 24 च्या टाइमलाइनवर फ्रेमला फ्रेम लावून बसवला तर साडेसात सेकंद लांबतो, गाणं संपतं अन् ओठ हलतच राहतात. काम घेताना फ्रेम रेट, पडद्याचा आकार स्कोप (जास्त रुंद) का फ्लॅट (कमी रुंद), फाईलचा प्रकार हे लेखी घ्यावं. पैसे टप्प्यानं घ्यावेत, ॲडव्हान्स, ॲनिमॅटिकला काही, बाकीचे फायनल फ्रेम हातात द्यायच्या आधी. आणि श्रेयनामावलीत प्रत्येक कलाकाराचं नाव, इन-बिटवीन (मुख्य चित्रांच्या मधली चित्रं) काढणाऱ्याचं सुद्धा, करारातच टाकून घ्यावं, शेजारी गावाचं नाव पण. स्टुडिओ उदगीरचा असेल तर शेवटच्या पाट्यांत उदगीर दिसलं पाहिजे.