खिचडीला अर्ज का लागत नाही

जून उजाडला की सेतू केंद्रासमोर पालकांची रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी, रेशनकार्डाची झेरॉक्स, तलाठ्याचा अहवाल. शिष्यवृत्ती हवी तर दाखला. दुर्बल घटकातून शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्क्यांत प्रवेश हवा तर वर्षाला १ लाखाच्या आतला दाखला. त्याच रांगेतल्या एखाद्या बाईचं धाकटं पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला असतं. दुपारी त्याच्या ताटलीत शालेय पोषण आहाराची खिचडी पडते आणि त्यासाठी तिला कुणाकडे एक कागदही द्यावा लागत नाही. हजेरी झाली, घंटा झाली, पोरं ओळीने बसली की वाढप सुरू.

आपल्याला याचं नवल वाटत नाही, पण वाटायला हवं. गरीब मुलाला खाऊ घालायचं तर आधी त्याने गरिबी सिद्ध करावी, हीच जगभरची जुनी रीत, आणि आपल्याकडेही ती होतीच.

महाराष्ट्रात तिचं सगळ्यात ओळखीचं रूप म्हणजे वार. गावाकडून पुण्या-साताऱ्याला शिकायला आलेला गरीब मुलगा सात घरं धरायचा. सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे. एखादा वार लागला नाही तर त्या दिवशी माधुकरी, नाहीतर पाणी पिऊन झोप. ‘वारावर जेवून शिकला’ हे पुढे चरित्रांमधून कौतुकाने लिहिलं गेलं, पण ज्याला ते करावं लागलं त्याला प्रत्येक उंबऱ्यावर स्वतःची गरज बोलून दाखवावी लागत होती. शिवाय ही सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांची. बाकीच्या जातींच्या पोराला वार कोण देणार?

ती कोंडी बोर्डिंगांनी फोडायला सुरुवात केली. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं आणि पुढे जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला बसली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिथल्या धान्याची सोय पुष्कळशी मुष्टिफंडावर चाले. घरातल्या बाईने रोजच्या धान्यातली एक मूठ बाजूला काढायची आणि ती मूठमूठ गोळा करून पोरांची भाकरी व्हायची. एकदा तेही आटलं तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्र मोडलं, हे महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र हे सगळं वसतिगृहात पोचलेल्या मुलांपुरतं होतं. गावातल्या शाळेत दुपारी उपाशी बसणाऱ्या पोराचा विचार दक्षिणेत आधी झाला.

१९२० मध्ये मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या एका शाळेत दुपारचं खाणं द्यायचं ठरवलं. जस्टिस पक्षाचे पिट्टी त्यागराय चेट्टी त्या वेळी पालिकेचे प्रमुख होते. खर्चाची मर्यादा होती मुलामागे दिवसाला १ आणा. पटसंख्या वाढली, पण काही वर्षांत योजना बंद पडली. १९५६ मध्ये मुख्यमंत्री कामराजांनी ती राज्यभर नेली. १ जुलै १९८२ ला मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी ती खूप मोठी करून तिचं पार रूप पालटलं. राज्याच्या तिजोरीला हे झेपणार नाही, असं तेव्हा अनेकांचं मत होतं. योजना अजून चालू आहे.

केंद्र सरकार यात उतरलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आधी देशातले २,४०८ विकासगट (ब्लॉक) आणि दोन-तीन वर्षांत सगळा देश. महाराष्ट्राने त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला शालेय पोषण आहार सुरू केला. पण आहार हा शब्द तेव्हा जरा जास्तच होता, कारण मिळत होता तांदूळ: महिन्याला ३ किलो, आणि तोही ८० टक्के हजेरी असेल तर.

ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना वाटपाचा दिवस आठवत असेल. पोत्याचं तोंड उसवलेलं, तराजू नाहीतर तेलाच्या डब्याचं ठरवलेलं माप, पोरांच्या हातात आईने शिवलेली कापडी पिशवी आणि खाली सांडलेला तांदूळ वेचणाऱ्या कोंबड्या. गुरुजींसमोर हजेरीपट. महिन्यात चार दिवस कापूस वेचायला गेलेल्या मुलीची टक्केवारी ७८ भरली तर काय करायचं, हे शासन निर्णयात कुठेच लिहिलेलं नसे. बहुतेक गुरुजी पेन उचलून दोन ‘उ’ वाढवत. काही वाढवत नसत. घरी पोचलेला तांदूळ अर्थातच सगळ्यांचा होई, पाच तोंडांत ३ किलो कितीसे पुरणार? त्या मुलीच्या पोटात दुपारी बारा वाजता काय गेलं, या प्रश्नाचं उत्तर त्या तांदळाने दिलंच नाही.

उत्तर आलं ते न्यायालयातून. २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ होता, लोक उपाशी होते आणि अन्न महामंडळाची गोदामं भरून वाहत होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही नागरी हक्कांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने मोजूनमापून सांगितलं: सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शिजवलेलं जेवण, किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षात किमान २०० दिवस. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात महत्त्वाचा शब्द ‘शिजवलेलं’ हा नसून ‘प्रत्येक’ हा आहे. त्या एका शब्दामुळे दारिद्र्यरेषेची यादी, दाखला, अर्ज सगळं एका फटक्यात बाद झालं. एप्रिल २००४ मध्ये न्यायालयाने आणखी दोन गोष्टी घातल्या. पालकांकडून पैसे घ्यायचे नाहीत आणि स्वयंपाकी नेमताना दलित, आदिवासींना प्राधान्य द्यायचं. दुसऱ्या अटीवरून गावोगाव भांडणं झाली, पोरांना घरी डबा खायला बोलावलं गेलं. वार देतानाही जात पाहिली जायची, ते आठवावं.

बाकी तपशील पटकन सांगण्यासारखा. पुढे पाचवीपर्यंत ४५० कॅलरी, सहावी ते आठवीला ७००. तांदूळ अनुक्रमे १०० आणि १५० ग्रॅम. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशकाचा अंश मिसळलेल्या जेवणाने २३ मुलं दगावली, तेव्हापासून मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने घास खाऊन बघायचा हा नियम कडक झाला आणि त्याची नोंद ठेवणाऱ्या चव रजिस्टरला वजन आलं. त्याच वर्षीच्या अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलाचा हक्क ठरवलं. २०२१ मध्ये योजनेचं नाव पीएम पोषण झालं. पोरं अजूनही खिचडीच म्हणतात.

एकदा काढलेला कागद मात्र मागच्या दाराने परत यायला बघतो. २०१७ च्या फेब्रुवारीअखेर केंद्राने या जेवणासाठी आधार जोडायची अधिसूचना काढली. ओरड झाल्यावर आठवड्याभरात खुलासा आला की आधार नाही म्हणून कुणाला वगळणार नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाने शाळा बंद असताना, सुट्टीतल्या दिवसांचे पैसे मुलांच्या बँक खात्यावर टाकायचं ठरलं. महाराष्ट्रात ३५ दिवसांचे पाचवीपर्यंत १५६ रुपये आणि पुढच्या वर्गांना २३४. त्यासाठी मुलाच्या नावाचं खातं हवं, आणि कित्येक बँकांत खातं उघडायला हजार रुपये शिल्लक ठेवा म्हणत. पालकांनी आणि शिक्षकांनी डोक्याला हात लावला.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांनाही शाळेचं वर्ष सुरू होताना एक फॉर्म येतो: घरात माणसं किती, मिळकत किती. तिथला शालेय जेवणाचा कायदा १९४६ चा. दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत मिळकत असेल तर जेवण फुकट, १८५ पर्यंत सवलतीत, त्यावर पूर्ण दर. घराला आधीपासून सरकारी अन्नसाहाय्य मिळत असेल तर बहुधा फॉर्म न भरताही मुलाचं नाव लागतं. २०१० च्या कायद्याने गरीब वस्तीतल्या शाळांना घरोघरचे अर्ज न घेता सगळ्यांना जेवू घालायची मुभा दिली, आणि २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने सर्वच सरकारी शाळांत तसं केलं. एवढ्या श्रीमंत देशाला तिथवर यायला पाऊण शतक लागलं.

आपल्याकडे भोक आहे ते वेगळ्याच जागी. विनाअनुदानित खासगी शाळा या योजनेत नाहीत. म्हणजे १ लाखाच्या आतला दाखला दाखवून आरटीईतून इंग्रजी शाळेत गेलेलं पोर, कागदोपत्री गरीब ठरलेलं, दुपारी घरचा डबा उघडतं. त्याचा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत गरम खातो.

आणि अंड्याचं सांगायचं राहिलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी २०२५ मध्ये अंडी आणि साखरेसाठीचा राज्याचा जादा निधी बंद झाला. ज्या शाळांना द्यायचं असेल त्यांनी लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असं सांगण्यात आलं. शाळा व्यवस्थापन समितीत बसतात ते बहुतेक त्याच पोरांचे आईबाप. कुणाच्या दारात जायचं, हे आता त्यांनी ठरवायचं.