केनियात कर्जव्यवसायाचा परवाना: संघटनेचं सभासदत्व पुरत नाही

नैरोबीत कंपन्यांची कागदपत्रं तयार करून देणं हा माझा धंदा. कर्ज देण्याच्या परवान्यासाठी जी मंडळी येतात, त्यांच्या फाईलमध्ये सगळ्यात वर, प्लास्टिकच्या कव्हरात जपलेला एक कागद बहुतेक वेळा असतो: मायक्रोफायनान्स, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या संस्थांच्या, संघटनेच्या सभासदत्वाचं प्रमाणपत्र. 'हे आहे की आमच्याकडे,' म्हणत ते टेबलावर पुढे सरकवतात. मी ते बाजूला ठेवतो आणि विचारतो, भांडवल कुठून आलं त्याचे कागद दाखवा. मग खोलीत शांतता.

पुण्या-मुंबईहून आलेल्या भागीदारांचा हा गैरसमज जरा जास्तच पक्का असतो. भारतात 'सा-धन' आणि 'एमफिन' या संघटनांना रिझर्व्ह बँकेने स्वयंनियामक संस्था म्हणून मान्यता दिलेली आहे. त्यामुळे तिकडे या क्षेत्रात नोकरी केलेल्याला वाटतं, संघटनेत शिरलो म्हणजे अर्धा परवाना हातात आला. केनियात तसं नाही. असोसिएशन ऑफ मायक्रोफायनान्स इन्स्टिट्यूशन्स, केनिया ही इथली राष्ट्रीय संघटना १९९९ मध्ये स्थापन झाली. ती सभासदांना प्रशिक्षण देते, त्यांच्यासाठी आचारसंहिता ठरवते, त्यांचं म्हणणं अर्थखात्यापुढे आणि मध्यवर्ती बँकेपुढे मांडते. परवाना मात्र देते सेंट्रल बँक ऑफ केनिया. संघटनेचं पत्र जोडलं म्हणून बँकेतली फाईल एक इंचही पुढे सरकत नाही.

तुम्हाला नेमका कोणता परवाना लागतो

लोकांच्या ठेवी घ्यायच्या असतील तर २००६ चा मायक्रोफायनान्स कायदा लागतो. तो मे २००८ पासून अमलात आहे. त्याखाली मायक्रोफायनान्स बँक काढायची तर देशभर कामासाठी किमान ६ कोटी शिलिंग आणि एखाद्या स्थानिक भागापुरतं काम असेल तर २ कोटी शिलिंग भांडवल दाखवावं लागतं. सभासदांच्या ठेवींवर चालणाऱ्या मोठ्या पतसंस्थांना इथे 'साको' म्हणतात. त्यांचा नियामक वेगळा, सास्रा. त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

उरले ते स्वतःच्या पैशातून किंवा उसन्या भांडवलातून फक्त कर्ज देणारे. गोंधळ सगळा इथे आहे. वर्षानुवर्षं या लोकांना नुसती कंपनीची नोंदणी पुरत होती. मग मोबाईलवरून कर्ज देणारी ॲप आली, हप्ता चुकला की कर्जदाराच्या आईला, मालकाला, चर्चच्या पाद्र्याला फोन जाऊ लागले आणि सरकार जागं झालं. डिसेंबर २०२१ मध्ये कायदा बदलला, १८ मार्च २०२२ ला डिजिटल कर्जदात्यांचे नियम आले. तेव्हा जुन्या, शाखेत बसून गटांना कर्ज देणाऱ्या संस्था म्हणाल्या, 'आमचं कुठे ॲप आहे?' तेव्हा ते बरोबर होतं. आता नाही. २७ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सुधारणेने ठेवी न घेता कर्ज देणारे सगळेच मध्यवर्ती बँकेच्या कक्षेत आले. 'आत्ता घ्या, नंतर पैसे द्या' म्हणणारेसुद्धा. ॲप असो वा नसो. तरी अजून दर आठवड्याला कुणीतरी येऊन मला तेच जुनं वाक्य ऐकवतं.

'अर्ज केलाय, मग धंदा चालू ठेवायला काय हरकत?'

हरकत आहे, आणि मोठी आहे. २०२२ च्या नियमांत आधीपासून चालू असलेल्या डिजिटल कर्जदात्यांना सहा महिन्यांची मुदत होती. ती १७ सप्टेंबर २०२२ ला संपली. त्या तारखेच्या आत ज्यांनी अर्ज केला, त्यांनाच निकाल लागेपर्यंत काम चालू ठेवता आलं. ही सोय जुन्यांसाठी होती आणि एकदाच होती. काल कंपनी काढून आज अर्ज केलेल्याला ती लागू नाही. पण व्हॉट्सॲपवर कुणीतरी लिहितं 'अर्जाची पोच असली की झालं' आणि माणसं पैसे वाटायला लागतात. परवान्याशिवाय हा धंदा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख शिलिंगपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो. पोच म्हणजे परवाना नव्हे.

दुसरी चुकीची वाचली जाणारी गोष्ट म्हणजे अर्जावर निर्णय द्यायची मध्यवर्ती बँकेची ६० दिवसांची मुदत. लोक अर्ज पाठवल्याच्या दिवसापासून बोटं मोजतात. मुदत मोजायची ती *परिपूर्ण* अर्ज मिळाल्यापासून. एक कागद कमी असला तर घड्याळ सुरूच होत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये २८८ अर्जांपैकी १० जणांना परवाने मिळाले होते. जून २०२५ मध्ये परवानाधारकांचा आकडा १२६ झाला, तोवर आलेले अर्ज ७०० च्या वर गेले होते. प्रत्येक वेळी बँकेच्या निवेदनात तेच वाक्य: उरलेले अर्ज निरनिराळ्या टप्प्यांवर आहेत, मुख्यतः आवश्यक कागदपत्रांची वाट पाहत. वाचून चिडचिड होते हे खरं. कोणता कागद हवा ते एकदाच सांगून टाका ना! पण फाईली रोज बघणारा माणूस म्हणून सांगतो, त्या वाक्यात बरंच तथ्य आहे.

जो कागद कुणाकडेच नसतो

कंपनीची नोंदणी, कर खात्याचा पिन (म्हणजे करदात्याचा क्रमांक), घटनापत्र ही कामं सरकारच्या ई-सिटिझन आणि कर खात्याच्या पोर्टलवर होऊन जातात. अर्जाची फी ५,००० शिलिंग आहे, ती कुणालाच जड जात नाही. संचालक आणि भागधारक दाखवणारा 'सीआर १२' जुना जोडू नका, मी तरी महिन्याच्या आतलाच घ्यायला लावतो. त्यावरची नावं आणि अर्जातली नावं अक्षर न् अक्षर जुळली पाहिजेत. पासपोर्टवर आडनाव आधी आणि सीआर १२ वर नंतर, एवढ्यानेसुद्धा शंकेला जागा होते.

खरी अडचण भांडवलाच्या स्रोताची. पैसा किती आहे याचा पुरावा सगळ्यांकडे असतो, बँकेचं स्टेटमेंट. तो *कुठून* आला याचा नसतो.

एक बाई आल्या होत्या. बाजारातल्या विक्रेत्यांना छोटी कर्जं देणारं त्यांचं ऑफिस, व्यवहार चोख. भांडवल उभं राहिलं होतं ते 'चामा'तून. चामा म्हणजे आपली भिशी म्हणा किंवा बचत गट म्हणा. त्यांनी पिशवीतून शंभरपानी वही काढली. निळ्या शाईत नावं, पुढे दर महिन्याचे रकाने, कुणी उशिरा दिले तिथे लाल टिंब. इतका स्वच्छ हिशेब मी कित्येक कंपन्यांच्या ऑडिटमध्ये पाहिलेला नाही. पण वहीवर गटाचं नोंदणीकृत नाव नाही, सभेचा ठराव नाही, आणि चामाने कंपनीला पैसे दिले ते कर्ज होतं की शेअरचं भांडवल, हे कुठेच लिहिलेलं नाही. कंपनीच्या खात्यात तर रोख रक्कम एकाच दिवशी भरलेली! कागदावर ती रक्कम आभाळातून पडली होती.

अशा वेळी वही फेकायची नाही. आधी चामाची रीतसर नोंदणी करून घ्या. मग सभा घेऊन ठराव करा आणि सभासदांच्या सह्या, ओळखपत्र क्रमांक त्यावर घ्या. वर्गणी एम-पेसावरून, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवायच्या सेवेतून, आली असेल तर ती स्टेटमेंट काढून वहीतल्या महिन्यांशी जुळवा. चामा आणि कंपनी यांच्यातला करार करा. त्या बाईंना हे सगळं जुळवायला चार महिने लागले. मागच्या तारखेचे कागद करू नका. 'सगळे करतात' असं सांगणारा एजंट भेटेलच. त्याला नमस्कार करून बाहेर पडा.

भारतातून पैसे आणणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. एक वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, एवढंच लोकांना ठाऊक असतं. पण २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीला वित्तीय सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीत सहसा थेट गुंतवणूक करता येत नाही. वारसा हक्कासारखे मोजके अपवाद सोडले तर ही वाट बंद आहे. कंपनीमार्फत गुंतवायचं असेल तर आधीच्या तीन वर्षांच्या नफ्याची अट येते. म्हणजे कोथरूडच्या काकांनी प्रेमाने पाठवलेले पैसे केनियात स्रोत म्हणून दाखवायला गेलात, तर काका तिकडे अडचणीत येतील. सी.ए.ला विचारल्याशिवाय एक रुपयाही हलवू नका. संचालक भारतीय असेल तर पोलीस पडताळणीचा दाखला आधीच मागवून ठेवा, त्याला वेळ लागतो.

डेटा आयुक्तांची नोंदणी

२०१९ च्या डेटा संरक्षण कायद्याखालची ही नोंदणी लोक विसरतात किंवा मुद्दाम टाळतात. कारण त्यांनी कुठेतरी अर्धं वाचलेलं असतं: उलाढाल ५० लाख शिलिंगच्या आत आणि दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर नोंदणीतून सूट. वाक्य खरं आहे, पण पुढची यादीही वाचा. आर्थिक सेवा देणाऱ्यांना ही सूट नाही, मग तुम्ही दोघंच का असेनात. प्रमाणपत्र २४ महिन्यांचं असतं. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहा.

हे प्रकरण हलकं घेऊ नका. कर्जदाराच्या फोनमधले नंबर वापरून धमकीचे मेसेज पाठवल्याबद्दल एका डिजिटल कर्जदात्याला २०२३ मध्ये आयुक्तांनी २९ लाख ७५ हजार शिलिंगचा दंड केला होता. परवान्याच्या नियमांतही कर्जदाराच्या संपर्कयादीला फोन करायला मनाई आहे. तुमचं वसुली धोरण याविषयी काय म्हणतं, हे बघितलं जातं.

उसनी धोरणं

धोरणांवरून आठवलं. कर्ज धोरण, तक्रार निवारण, पैशाच्या अवैध व्यवहारांना आळा, माहितीची सुरक्षा अशी जाडजूड पुस्तकं अर्जासोबत लागतात. मग लोक कुठूनतरी उतरवून घेतात. एका फाईलमध्ये मुखपृष्ठावर कंपनीचं नाव, आतल्या पानावर नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेकडे तक्रार करण्याचा पत्ता! चौदा पानांचं पण स्वतःचं धोरण चालेल, चोरलेलं ऐंशी पानांचं नको. त्यात व्याज, प्रक्रिया शुल्क, उशिराचा दंड असं सगळं मिळून ग्राहकाला एकूण किती पडतं, ते उदाहरणाने मांडा. १०,००० शिलिंग दिले, ३० दिवसांनी किती घेणार? हे एका ओळीत सांगता येत नसेल तर तुमची किंमत आकारणी अजून ठरलेलीच नाही.

इथे मात्र संघटना कामाची आहे. धोरणं कशी लिहायची याचं प्रशिक्षण, आधी या वाटेने गेलेल्या सभासदांशी गाठ, नियमांचे मसुदे आले की हरकती मांडायचा मार्ग, हे सगळं तिथे मिळतं. सभासद व्हाच. फक्त ते प्रमाणपत्र फाईलच्या तळाशी ठेवा.

इतर देशांत हाच नियम धरून चालू नका. युगांडाची संघटना १९९६ ची, पण तिथे छोट्या कर्जदात्यांसाठी २०१६ च्या कायद्याने वेगळं प्राधिकरण नेमलं, आणि सावकाराने कर्जदाराचं ओळखपत्र, पासपोर्ट किंवा एटीएम कार्ड तारण म्हणून ठेवायला मनाई केली. इथिओपियाच्या १९९६ च्या कायद्याने मायक्रोफायनान्स संस्थेची मालकी इथिओपियन नागरिकांपुरतीच ठेवली. सेनेगल आणि पश्चिम आफ्रिकेतल्या त्याच चलनाच्या इतर देशांत गंमत उलटी. तिथल्या २००७ च्या कायद्यात राष्ट्रीय संघटनेचं सभासदत्व सक्तीचं केलं, पण परवाना मिळाल्यानंतर तीन महिन्यांत. म्हणजे तिथेही आधी परवाना, मग संघटना. सेनेगलच्या राजधानीला, डकारला, निघालेल्या एका गृहस्थांनी नेमकं उलट केलं होतं, आणि विमानाचं तिकीट दोनदा काढलं.